प्रमाणपत्र भिंतीवर, बादली मोरीत

मोठ्या काकांचा चष्मा सकाळी पावणेसातला मोरीत फुटला. अप्पाने तांब्या भिरकावला होता, नेम धरून नव्हे, नुसता मागच्या मागे. तो काकांच्या भुवईवर बसला, चष्मा खाली पडला आणि त्यावर अप्पाचाच पाय पडला. दोघांनाही रक्त आलं. दैनंदिन नोंदवहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे : ‘अप्पाने आंघोळीला त्रास दिला. काकांना मारले. समज दिली.’

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या निवासी कार्यशाळेतलं हे प्रकरण. संस्थेचं नाव देत नाही, अप्पा हे नावही खरं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिथे बत्तीस प्रौढ राहतात. दारावरच्या पाटीवर अजून ‘मतिमंद मुलांचे’ असं लिहिलेलं आहे. त्यातला सगळ्यात लहान ‘मुलगा’ तेवीस वर्षांचा. दिवसभर कागदी पिशव्या, फायली, पणत्या रंगवणं आणि दिवाळीच्या आधी दोन महिने उटण्याची पाकिटं. त्यांची उठबस करणारी माणसं कागदोपत्री ‘काळजीवाहक’, एरवी काका आणि मावशी.

अप्पा छत्तीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम असलेला. आई गेल्यावर चार वर्षांपूर्वी भावाने इथे आणून सोडलं. बोलतो थोडं, दोन-तीन शब्दांचं, ओळखीच्या माणसाला कळेल असं. पाकिटावर लेबल चिकटवण्यात मात्र त्याचा हात धरणारा तिथे कोणी नाही; लेबल तसूभर तिरकं गेलं तर उचकटून परत लावतो. मिशीत पांढरे केस दिसायला लागलेत, तरी सगळे त्याला ‘बाळा’ म्हणायचे. घरी पुतणे अप्पाकाका म्हणतात, हे भावाशी फोनवर बोलल्यावर मला कळलं.

मी विशेष शिक्षिका. अधीक्षकांचा मला फोन आला तो चष्मा फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन मागण्या होत्या. मानसोपचार तज्ज्ञांशी बोलून डोस थोडा वाढवून घ्यायचा, आणि स्टाफचं एकदा ट्रेनिंग घ्यायचं, ‘दंगा करणाऱ्याला आवरायचं कसं’ याचं.

दुसऱ्या मागणीने मी चपापले, कारण ट्रेनिंग झालेलं होतं. आदल्याच हिवाळ्यात, दोन दिवसांचं, तालुक्याच्या सभागृहात. त्यातले चार तास माझे होते. मी पडद्यावर चौकोन दाखवले होते : वर्तनाच्या आधी काय घडलं, वर्तन काय, नंतर काय घडलं. उदाहरणं दिली, प्रश्न विचारले, उत्तरं बरोबर आली. जेवणात मठ्ठा-जिलेबी होती. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, फोटो निघाले. मोठ्या काकांचं प्रमाणपत्र कार्यालयातल्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे. ज्या मोरीत चष्मा फुटला तिथून ते वीस पावलांवर असेल.

वर्तनाच्या अभ्यासकांत याला जुनं नाव आहे. १९७७ साली ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी एका लेखात ‘ट्रेन अँड होप’ असा शब्द वापरला : शिकवायचं आणि मग आशेवर राहायचं, की शिकलेलं आपोआप दुसऱ्या जागी, दुसऱ्या वेळी, दुसऱ्या माणसासमोर उतरेल. मी हा लेख विद्यार्थिनी असताना वाचला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. सभागृहात मी नेमकं तेच केलं.

‘आवरायचं कसं’ हे शिकवायला मी नकार दिला, आणि अधीक्षकांना त्याचं कारण सांगावं लागलं. २०११ च्या मे महिन्यात बीबीसीने इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खासगी रुग्णालयातलं छुपं चित्रीकरण दाखवलं. बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम असलेल्या रुग्णांना तिथले कर्मचारी मारत होते, खुर्चीखाली दाबून ठेवत होते. अकरा जण दोषी ठरले, त्यातले सहा तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी जी चौकशी झाली तिच्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही : तिथल्या लोकांना प्रशिक्षण मिळालेलं होतं, पण त्याचा भर माणसाला धरून ठेवण्यावर होता. जे शिकवाल ते हात करणार. आवरायला शिकवलं तर दिसेल त्याला आवरायला जातील.

अधीक्षक भले गृहस्थ. म्हणाले, “मग तुम्ही काय म्हणता ते करू. पण काकांना टाके पडलेत हेही बघा.”

तेही खरंच होतं. मार खाणाऱ्या कर्मचाऱ्याबद्दल आपल्या लिखाणात फार कमी येतं. रोज सकाळी मोरीत जाताना पोटात गोळा येणाऱ्या माणसाला ‘सहानुभूती ठेवा’ असं सांगणं सोपं असतं.

मी तीन दिवस सकाळी सव्वासहाला गेले. पुरुषांच्या विभागात चौदा जण, मदतीला दोघे. मोठे काका पंचावन्नचे, आधी इचलकरंजीला बावीस वर्षं यंत्रमागावर. धाकटे काका पंचविशीतले, आयटीआय अर्धवट सोडलेले. गरम पाणी सोलरचं. सातपर्यंत कडक, मग कोमट, मग गार. साडेसातला नाश्ता. म्हणजे सव्वा तासात चौदा आंघोळी. काही जण स्वतःहून करतात, पण सात-आठ जणांना हात लावावाच लागतो. हिशोब मांडला की घाई कुठून येते ते दिसतं. त्या घाईत मोठ्या काकांनी एक पद्धत बसवून घेतली होती : माणूस स्टुलावर बसवायचा, आपण पाठीमागे उभं राहायचं, मोठ्याने ‘डोळे मीट!’ म्हणायचं आणि डोक्यावर दोन तांबे एकामागून एक. मागून ओतलं की आपले कपडे भिजत नाहीत. बाकीच्यांना हे चालत होतं. अप्पाला पूर्वी चालायचं, आता चालत नव्हतं.

काका ओरडून बोलतात. रागाने नव्हे, सवयीने. मागाच्या शेडमध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज तसाच असतो, आणि त्यांना स्वतःलाही थोडं कमी ऐकू येतं.

पहिल्या दिवशी मी फक्त गोंधळ बघितला. दुसऱ्या दिवशी अप्पा शांत होता; धाकट्या काकांनी आंघोळ घातली होती. तिसऱ्या दिवशी मी दाराच्या चौकटीत अशी उभी राहिले की अप्पाचं तोंड दिसेल. काकांनी ‘डोळे मीट!’ म्हटलं. अप्पाचे डोळे उघडेच होते. पाणी डोक्यावर पडलं तसा तो दचकला, खांदे कानापर्यंत गेले. मग त्याने डावा हात वर केला, तळवा पुढे, बोटं जुळलेली. क्षणभरच. मागे उभ्या असलेल्या काकांना तो हात दिसणं शक्यच नव्हतं. दुसरा तांब्या आला. मग अप्पाने हात मागे फिरवला.

मी वहीत तो हात काढून ठेवला, कारण शब्दांत लिहिलं तर मलाच पटलं नसतं. नंतर कार्यशाळेत लेबलांच्या टेबलाशी बसले. शेजारच्याने त्याची डिंकाची वाटी ओढली, अप्पाने तोच हात दाखवला. शेजाऱ्याने वाटी सोडली. म्हणजे बत्तीस जणांतल्या काहींना तरी ही खूण माहीत होती. पगारी माणसांपैकी कोणाला नव्हती.

१९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या दोघांनी चार मुलांवर केलेलं काम विशेष शिक्षणात फार प्रसिद्ध आहे. वर्गात दंगा करणारी ही मुलं केव्हा दंगा करतात ते त्यांनी आधी शोधलं. काम अवघड झालं की, किंवा मोठ्यांचं लक्ष हटलं की. मग त्यांनी दंगा थांबवण्याच्या मागे न लागता त्या जागी वापरायला वाक्यं शिकवली. काम अवघड वाटणाऱ्याला ‘मला समजत नाही’, लक्ष हवं असणाऱ्याला ‘मी बरोबर करतोय का?’. दंगा उतरला. अप्पाच्या बाबतीत तर शिकवायचीही गरज नव्हती. त्याच्याकडे वाक्य होतं, ते वाचणारं पुढच्या बाजूला कोणी नव्हतं.

पण डोळे उघडे का राहिले? चार महिन्यांपूर्वीपर्यंत तो ‘डोळे मीट’ ऐकून डोळे मिटायचा, हे दोन्ही काकांनी सांगितलं. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी पुष्कळदा अरुंद असते, मळ लवकर साचतो आणि ऐकणं कमी होण्याचं प्रमाणही बरंच असतं. शिवाय थायरॉइड बिघडण्याची शक्यता, आणि चाळिशीच्या पुढेमागे स्मृतिभ्रंश लवकर सुरू होण्याची. म्हणून डोस वाढवण्याआधी मी त्याला कान-नाक-घसा डॉक्टरांकडे न्यायचा आग्रह धरला. दोन्ही कानांत मळ घट्ट बसलेला. थेंब घालून मऊ करून आठवड्याने काढला. नंतरच्या तपासणीत उजव्या कानाला तरीही कमीच ऐकू येतं असं निघालं. थायरॉइडचा रिपोर्ट ठीक आला. मानसोपचार तज्ज्ञांनी गोळ्या होत्या तशाच ठेवल्या.

इथे एक मोह होतो, आणि तो मलाही झाला : कारण सापडलं, कान साफ झाले, प्रकरण मिटलं. कान साफ झाल्यावर पाचव्या दिवशी अप्पाने पुन्हा तांब्या फेकला. त्याला आता थोडं बरं ऐकू येत होतं, पण मागून पाणी येतं हे त्याच्या अंगाने शिकून ठेवलं होतं. आणि काकांच्या हातांनीही काही शिकून ठेवलं होतं. ते बदलल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

प्रशिक्षण कसं टिकतं यावर आपल्या क्षेत्रात बरंच काम झालेलं आहे, आणि त्याचं सार चार क्रियापदांत मावतं : सांगणं, करून दाखवणं, समोर करून घेणं, लगेच दुरुस्त करणं. आपल्याकडच्या बहुतेक कार्यशाळा पहिल्यावरच थांबतात. काही दुसऱ्यापर्यंत जातात. तिसऱ्या-चौथ्यासाठी प्रशिक्षकाला मोरीत उभं राहावं लागतं, साडी भिजते, आणि त्याचं मानधन कुठल्या शीर्षाखाली टाकायचं ते हिशेबनिसाला कळत नाही.

आम्ही सकाळी दहाची वेळ धरली, चहा झाल्यावर पंधरा मिनिटं. जागा तीच मोरी, तेच स्टूल, तोच तांब्या. पहिल्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही. धाकट्या काकांना बनियनवर स्टुलावर बसवलं, कानात कापसाचे बोळे घालायला लावले, आणि मोठ्या काकांना म्हटलं, रोज घालता तशी घाला आंघोळ. पहिल्या तांब्याला धाकटे काका ‘आयला!’ करून उठलेच. सगळे हसले, स्वयंपाकघरातून मावशीही बघायला आल्या. मग मोठे काका स्वतःहून म्हणाले, “मी बसतो.” त्यांनी कापूस घातला, चष्मा, नवा होता, काढून माझ्या हातात दिला. धाकट्यांनी ओतलं. काका ओरडले नाहीत, उठले नाहीत. पंच्याने तोंड पुसत बसून राहिले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “बाई, पाणी येतंय हे आधी कळायला पायजे.”

माझ्या चार तासांच्या चौकोनांत हेच वाक्य होतं, जरा जड मराठीत.

पुढच्या दिवशी मी खुणांचं बोलले. अप्पाला एका कानाने कमी ऐकू येतं, मोरीत पाण्याचा आवाज, तेव्हा तोंडाने सांगण्यापेक्षा समोर येऊन हाताने दाखवायचं. मी घरून खुणा ठरवून गेले होते. एका परदेशी संचातून घेतलेल्या, छापील चित्रांसकट. मोठ्या काकांनी चित्रं बघितली आणि बाजूला ठेवली.

“मागावर आमी असंच बोलायचो की. शेडमधी चाळीस माग चालू असल्यावर कुणाला काय ऐकू येतंय?”

आणि त्यांनी दाखवायला सुरुवात केली. दोन बोटांची कात्री : धागा तुटला. मूठ मनगटावर फिरवली : कांडी संपली. अंगठा ओठाला : चहा. छाती काढून मिशीला पीळ : जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, आला. या शेवटच्या खुणेवर धाकटे काका हसून हसून वाकले. बावीस वर्षं हा माणूस आवाजाशिवाय, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत आला होता. माझ्या क्षेत्रात ज्याला संवादाचं कौशल्य म्हणतात ते त्यांच्याकडे आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त होतं. आम्ही त्यांना सभागृहात खुर्चीवर बसवलं, तेव्हा त्यांना आधीपासून काय येतं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. नोकरीच्या अर्जात ‘अनुभव’ या रकान्यात त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं.

छापील संच मी पिशवीत घातला. खुणा काकांनी आणि अप्पाने मिळून ठरवल्या. पाणी म्हणजे पाच बोटं डोक्यावरून खाली. साबण म्हणजे तळव्यावर तळवा. तिसरी अप्पाचीच होती, पुढे केलेला तळवा. काकांनी ती बघितली आणि म्हणाले, “ही तर माग बंद कर.”

मग आंघोळीचा क्रम नव्याने बसवला. आधी समोर यायचं, गुडघ्यात जरा वाकून, डोळ्याला डोळा. तांब्या दाखवायचा, पाण्याची खूण करायची. अप्पाने स्वतः बादलीत हात घालून पाणी बघायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. सुरुवात पायापासून, डोकं शेवटी. हात-पाय-पोट तो स्वतः चोळेल, तिथे आपण तांब्या त्याच्या हातात द्यायचा. तळवा दिसला की थांबायचं, मग कपडे भिजोत की नाश्ता गार होवो. आणि एक भाषेतला बदल : ‘बाळा’ बंद, ‘अप्पा’.

यातलं सगळ्यात अवघड काय गेलं असेल? पाचपर्यंत मोजणं. रिकामा उभा राहिलेला कर्मचारी अधीक्षकांना कामचुकार वाटतो आणि स्वतःलाही वाटतो. पहिल्या आठवड्यात मी पाच सकाळी उभी होते. धाकटे काका सगळं करत होते, दोन सेकंदांत पाच मोजत होते एवढंच. मोठे काका समोर यायचे, खूण करायचे, आणि मग पाय आपोआप मागे जायचे. सवय पायांत असते, डोक्यात नाही. मी एकदा त्यांना तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत सांगितलं, “काका, परत मागे गेलात.” चूक झाली. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पंचवीस वर्षांच्या पोरासमोर बोललं की तो ऐकत नाही, ऐकल्यासारखं करतो. काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी दुरुस्ती आंघोळ संपल्यावर, कपडे वाळत घालताना, एकट्याला सांगायला लागले. एक गोष्ट जी बरोबर झाली, नेमकी. आणि एकच, जी उद्या बदलायची. ‘छान केलंत’ म्हणून भागत नाही. काय छान केलं ते सांगावं लागतं : “त्याने हात दाखवला तेव्हा तुमचा तांब्या हवेत थांबला, ते बघितलं मी.”

मागे जायचे पाय थांबवायला अखेर उपाय सापडला तोही काकांचाच. त्यांनी स्टूल भिंतीला टेकवून ठेवलं. मागे जायला जागाच राहिली नाही.

एवढं होऊनही ते टिकलं नसतं, जर सव्वा तासात चौदा आंघोळी हा हिशोब तसाच राहिला असता. इथे अधीक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, जे त्यांनी मागितलं नव्हतं. मी त्यांना एका सकाळी घड्याळ घेऊन मोरीच्या दाराशी उभं केलं. अप्पाची नव्या क्रमाने आंघोळ अकरा मिनिटांची झाली. जुनी चारची होती. सात मिनिटं कुठून आणायची? ज्या पाच जणांना संध्याकाळी आंघोळ आवडते, हे विचारल्यावर कळलं, आधी कोणी विचारलं नव्हतं, ते संध्याकाळवर गेले. नाश्त्याची दुसरी पंगत पावणेआठला. मावशींचा याला कडकडून विरोध. पोहे दोनदा गरम करायचे कोणी? पंधरा दिवस करून बघू यावर तडजोड झाली आणि ते पंधरा दिवस अजून चालू आहेत. मावशी अजूनही दर सोमवारी कुरकुरतात, आणि त्यांचंही चुकत नाही.

नोंदवही बदलली. ‘त्रास दिला’ हा शब्द बंद. काय चाललं होतं, अप्पाने काय केलं, मग आपण काय केलं, असे तीन रकाने, तीन ओळींच्या वर लिहायचं नाही. मोठ्या काकांचं लिहिणं कमी, म्हणून ते सांगतात आणि धाकटे लिहितात. महिन्याभरानंतरची एक नोंद मी उतरवून घेतली आहे : ‘पाणी जास्त कडक होते. अप्पाने हात दाखवला. गार मिसळले. मग चालले.’ अशी नोंद हातात आली की मला वाटतं, चला, प्रशिक्षण पोचलं. आठवड्यातून एकदा अधीक्षकांनी पाच मिनिटं उभं राहून क्रम बघायचा, तेवढंच त्यांच्याकडून मागितलं. ते कधी बघतात, कधी विसरतात.

पहिल्या तीन आठवड्यांत अप्पाने दोनदा तांब्या फेकला, एकदा रविवारी बदली माणूस असताना. त्यानंतर गणपतीपर्यंत आंघोळीत काही नाही. नखं कापताना मात्र अजून तारांबळ होते. रात्रीच्या काकांनी ‘हे सगळं नाटक दिवसाच्या लोकांचं’ म्हणून अंग काढून घेतलं. रात्री लघवीला उठवताना ते अजून खांद्याला धरून हलवतात आणि अप्पा अजून चिडतो. तिथे मला यश आलेलं नाही. रात्री दोनला त्यांच्याबरोबर उभं राहायला कोणी नसतं, मीही नसते, हे त्याचं साधं कारण.

आणि सप्टेंबरात धाकटे काका गेले. एमआयडीसीत कंत्राटावर, पगार इथल्यापेक्षा बराच जास्त. त्यांना दोष देता येत नाही. आपल्याकडे विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, तसा कायदाच आहे, १९९२ चा. मी वर्गात पाऊण तास असते, मला नोंदणी क्रमांक आहे. जो माणूस अप्पाला उठवतो, न्हाऊ घालतो, भरवतो, रात्री झोपवतो, त्याला इथे कामावर ठेवताना कोणी काही विचारलं नव्हतं. काळजीवाहकांसाठीही परिषदेचे आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचे अभ्यासक्रम आहेत, पण तालुक्याच्या गावी, या पगारात, महिनोन्‌महिने बाहेर राहून तो कोर्स कोण करणार? आणि केला तर तो इथे कशाला राहील?

नवीन आलेला मुलगा एकोणीसचा. त्याच्या पहिल्या दिवशी मला जायला जमलं नाही. नंतर गेले तेव्हा कळलं, मोठ्या काकांनी त्याला तीन दिवस नुसतं दारात उभं करून बघायला लावलं होतं आणि चौथ्या दिवशी हातात तांब्या दिला होता. बोळे घालून स्टुलावर बसवण्याचा विधी त्यात धरलेला होताच.

नरक चतुर्दशीला तिथे दरवर्षी कॉलेजची मुलं येतात, पहाटे पाचला, सगळ्यांना अभ्यंगस्नान घालायला. अंगणात पाट, रांगोळी, मोठ्या पातेल्यांत कडक पाणी, आणि उटणं त्यांच्याच कार्यशाळेतलं, अप्पाच्या सरळ लेबलाचं. मी फराळाच्या डब्यांपाशी होते. एका मुलाने हाफ पॅन्टवर बसलेल्या अप्पाला तेल लावलं, उटणं लावलं, सगळं प्रेमाने. मग तांब्या भरून तो मागे गेला. पहिलं पाणी पडलं. अप्पाचे खांदे वर गेले, डावा तळवा पुढे झाला. मुलगा हौशी होता. वळसा घालून पुढे आला आणि खूश होऊन त्या तळव्यावर त्याने जोरात टाळी दिली. शेजारची मुलं हसली, कोणीतरी फोटो काढला. अप्पाचा हात बादलीतल्या तांब्याकडे गेला.

“ए पोरा! टाळी न्हाई ती!”

आवाज अंगणाच्या पलीकडून आला, मागाच्या शेडमधला. मोठे काका ओल्या लुंगीत भराभर चालत आले, अप्पाच्या समोर वाकले, तळवा दाखवला, मान हलवली. अप्पाने तांब्या सोडला. काकांनी तो उचलला, शेजारचा रिकामा पाट पायाने पुढे सरकवला आणि त्या मुलाकडे बघितलं.

“बस हितं,” ते म्हणाले. “चष्मा असला तर काढून ठेव.”